गिरणी सुटल्यानंतरचा तास

गिरण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मालकांची नावं लिहिली, संपाच्या तारखा लिहिल्या, सुताच्या गाठी मोजल्या. पण गिरणी सुटल्यावर माणूस काय करत होता? हातपाय धुवून कुठं टेकत होता, कुणाबरोबर चहा पीत होता, झोप लागेपर्यंत डोक्यात काय घोळत होतं? ते पान कोरं आहे. आणि आपण चळवळीची पोरंसुद्धा ते कोरंच ठेवतो. एखादा गडी बैठकीला आला नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कामावरून आलो अन् जरा बसलो," की आपण नाक मुरडतो. समाज जळतोय अन् हा बसलाय!

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. बसणं म्हणजे काय ते माझ्या पायांना विचारा. आठ तास फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. धागा तुटला की जोड, पुन्हा फेरी. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर त्याची पाळीही आपल्याच गळ्यात. घरी आलो तरी कानात फ्रेम फिरतच असते. म्हणून वाटलं, 'जरा बसलो' या दोन शब्दांचा इतिहास काढावा. कॉलेज काय मी बघितलं नाही. वाचनालयात बसून हाताला लागलं ते वाचलं. वाचून एक गोष्ट पक्की झाली. हे बसणं कुणी दान दिलेलं नाही. मागून, भांडून, रोजी बुडवून ते मिळवलंय. आणि आपल्या चळवळीचा पायाही त्याच तासात घातला गेला.

१

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, ताडदेवला. १८५६ मध्ये तिच्यातून माल निघायला लागला. त्या काळी कामगाराच्या खिशात घड्याळ नव्हतं. घड्याळ आकाशात होतं. उजाडलं की आत, मावळलं की बाहेर. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून राबणं मोठं, मजुरी तेवढीच. आठवड्याची सुटी नाही. रविवारी यंत्र बंद असलं तरी ते पुसायला, साफ करायला माणसं लागतच. यंत्राला विसावा, माणसाला नाही.

असा माणूस घरी येऊन काय करणार? भाकरीचा तुकडा मोडायचा अन् आडवं व्हायचं. करमणूक, वाचन, गप्पा या गोष्टींना जागाच नाही.

सरकारनं पहिला कारखान्याचा कायदा केला १८८१ साली. त्यात काय होतं? सात ते बारा वर्षांच्या पोरांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये. म्हणजे सात वर्षांच्या पोराला नऊ तास राबवायला मुभा! मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अक्षर नाही.

बोलला तो जोतीराव फुल्यांचा माणूस. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, 'दीनबंधू'चा संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. अर्जातल्या मागण्या बघा. दर रविवारी सुटी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्य मावळला की थांबवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. कामात जखमी झालेल्याला भरपाई द्या.

आता मोजा. पाचांतल्या पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत. पोट खपाटीला गेलेली ही माणसं. मजुरी वाढवा ही पहिली मागणी हवी होती ना? त्यांनी आधी रविवार मागितला, अर्धा तास मागितला, संध्याकाळ मागितली. कारण पैसा कमी असला तरी माणूस कसाबसा जगतो. वेळच नसला तर तो जगतो कधी?

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या. इतिहासानं त्यांची नावं जपली नाहीत, पण आपण ही गोष्ट जपली पाहिजे. जून १८९० मध्ये मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आज रविवारी सकाळी उशिरा उठून चहाबरोबर पेपर चाळणाऱ्या हापिसातल्या साहेबालाही सांगा: हा रविवार एका सत्यशोधकानं आणि गिरणीतल्या बायामाणसांनी मिळवलेला आहे. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले, आजारी माणसांची सेवा करता करता.

२

पुढचा हिशेब तासांचा. मालकांनी विजेचे दिवे आणले. आम्हाला शाळेत शिकवतात, वीज आली, अंधार गेला, प्रगती झाली. गिरणीत वीज आली आणि संध्याकाळ गेली. आधी सूर्य मावळला की काम आपोआप थांबायचं. दिवे लागले तसा सूर्याचा हुकूम संपला. १९०५ च्या सुमाराला काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालत होत्या. कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. तेव्हा कुठं १९११ च्या कायद्यानं कापडगिरणीतल्या मोठ्या पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली.

मग १९२२ च्या कायद्यानं दिवसाला अकरा, आठवड्याला साठ. १९३४ च्या कायद्यानं दिवसाला दहा, आठवड्याला चौपन्न. आणि १९४६ मध्ये दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ही शेवटची दुरुस्ती आली तेव्हा सरकारात मजूरमंत्री होते बाबासाहेब. भरपगारी रजेचा कायदा १९४५ चा, तोही त्यांच्याच काळातला.

बारावरून नऊ. तीन तास. ते कमी व्हायला पस्तीस वर्षं लागली. त्या पस्तीस वर्षांत किती संप झाले, किती जणांची नावं हजेरीपटावरून उडाली, किती घरांत चूल पेटली नाही, याचा हिशेब कुठल्याच कायद्यात लिहिलेला नसतो.

३

इथवरचा इतिहास लाल झेंड्याच्या पुस्तकांतही सापडेल. इथून पुढचा आपला आहे.

संध्याकाळ मिळाली, पण कुणाला? गिरणीत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. सवर्ण विणकर म्हणायचा, अस्पृश्यानं तोंड लावलेला धोटा मी तोंडाला कसा लावू? म्हणून जास्त पगाराचं खातं त्यांचं अन् कमी पगाराचं रिंग खातं आपलं. पाण्याची सोयही वेगळी. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना सरळ विचारलं, साचेखात्याचं दार आमच्या लोकांना उघडणार की नाही? तेव्हा कुठं कुरकुरत ती मागणी यादीत गेली. सगळ्या जगाच्या कामगारांनी एक व्हायचं होतं, फक्त धोटा वेगळा ठेवायचा होता.

भोंगा झाला, गिरणी सुटली, म्हणजे हे सुटलं का? नाही. जात फाटकातून बाहेर आपल्याबरोबरच चालत यायची. एकट्या गड्याची संध्याकाळ खानावळीत जायची. खानावळी गावाच्या आणि जातीच्या. भजनी मंडळ त्यांचं, तालीम त्यांची, देवळाचा कट्टा त्यांचा. दमलेला मराठा गडी लेझीम खेळून, भजन म्हणून अंग मोकळं करायचा. आपला दमलेला माणूस ते लांबून ऐकायचा. घामाला जात नसते म्हणतात. घाम पुसायच्या जागेला मात्र होती.

मग त्याच्यासाठी उघडं काय होतं? दारूचा गुत्ता उघडा होता. तिथं पैसा बघतात. आणि आकड्याचा धंदा उघडा होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेनं मुंबईत यायचे, त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. मटका त्यातूनच निघाला. दिवसभर कापूस नाकातोंडात घ्यायचा अन् रात्री कापसाच्याच आकड्यावर मजुरी उधळायची! मालकानं दिवस घेतला, गुत्त्यानं रात्र घेतली. माणसाकडं राहिलं काय?

४

बाबासाहेबांनी हे ओळखलं. १९२४ मध्ये त्यांनी परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू केलं. सभेनं वसतिगृह काढलं हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच सभेनं मुंबईत फुकट वाचनालय चालवलं आणि महार हॉकी क्लबही चालवला, हे किती जणांना माहीत आहे? हॉकी कशाला? दारू अन् जुगारात बुडणाऱ्या पोरांना संध्याकाळी दुसरं काहीतरी मिळावं म्हणून.

यावर जरा थांबा. 'दारू पिऊ नका' हे भाषण सोपं आहे. दहा तास राबून आलेल्या माणसाला मन हलकं करायला काहीतरी लागतं, हे मान्य करणं अवघड आहे. बाबासाहेबांनी ते मान्य केलं. हातातला पेला काढायचा तर त्या हातात काठी द्या, चेंडू द्या, पुस्तक द्या. दमणं हा गुन्हा नाही, हे ज्याला कळलं त्यालाच असं सुचतं.

मग आपल्या चाळींत नव्या सवयी उगवल्या. १९२० मध्ये 'मूकनायक' निघालं, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता'. वाचता येणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ. जेवणं झाली की कंदिलाच्या नाहीतर गॅलरीतल्या दिव्याच्या उजेडात एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मधेच कुणीतरी म्हणायचं, "परत वाच ते." त्या 'परत वाच'मध्ये आपली शाळा झाली. बाबासाहेबांचा लेख, महाडचा वृत्तांत, परिषदेचे ठराव असे कानांवाटे माणसांत गेले. लेखक एक, कागद एक, आणि वाचक अख्खी चाळ.

मग जलसे आले. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात विचार भरला होता. तोच धागा पुढं भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलशात ओढला. दिवसा मजुरी, रात्री ढोलकी. तालीम म्हणजे दिवसभराचा शीण काढायची जागा आणि तीच प्रचाराची जागा. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावाकडून मुंबईला आले, मिळेल ती मजुरी केली, अक्षरं शिकले ती मोठेपणी. मग गाणं असं लिहिलं की गावोगावच्या बायका जात्यावर म्हणायला लागल्या. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) वाटेगावहून मुंबईला आले, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले, १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. ही माणसं कुठल्या विद्यापीठात घडली? कामाची पाळी आणि झोप यांच्यामधल्या फटीत घडली.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आणखी एक सवय आली. ज्या घरात देव्हारा होता तिथं बुद्ध आणि बाबासाहेब आले. संध्याकाळी हातपाय धुवून, दिवा लावून वंदना. चाळीच्या एका टोकाला विहार, तिथं पोरं बसायची, म्हातारे बसायचे. पाच-दहा मिनिटांचंच काम. पण ज्यांना देवळाच्या कट्ट्यावर कुणी टेकू दिलं नव्हतं त्यांनी स्वतःची बसायची जागा तयार केली. ही काय लहान गोष्ट आहे?

५

आता कुणी म्हणेल, बाबासाहेब स्वतः तर अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. त्यांना कुठं विसावा होता?

खरं आहे. परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत सगळं घर राहायचं. त्यातच जातं, त्यातच सरपण. पोर लवकर झोपायचं. बाप, रामजी सुभेदार, रात्री दोनपर्यंत जागायचा. दोनला पोराला उठवायचा आणि त्याच्या जागेवर स्वतः पडायचा. झोपायला दोघांत जागा एकच. हे ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येतं. पण म्हणून सगळ्यांनी असंच जगावं असं बाबासाहेब म्हणाले का? उलट म्हणाले.

१९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं' या इंग्रजी ग्रंथात त्यांनी गांधीवादाची उलटतपासणी केली आहे. गांधी म्हणत होते यंत्र नको, गाव बरं, चरखा बरा. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा: पोट भरण्यापलीकडं माणसाला वेळ उरला तरच तो संस्कृतीचं जीवन जगू शकतो. पशू आणि माणूस यांत फरक पडतो तो इथं. आणि सगळ्यांना फुरसत द्यायची तर कष्ट कमी करणारं यंत्र हवं. दोष यंत्राचा नाही. त्याचा फायदा मूठभर लोक गिळतात त्या समाजरचनेचा आहे.

हजारो वर्षं फुरसत एका वर्णाकडं होती आणि श्रम दुसऱ्यांकडं. एकानं बसून पोथ्या लिहिल्या, दुसऱ्यानं उभ्यानं मेलेली ढोरं ओढली. मग पहिला दुसऱ्याला म्हणाला, तुला बुद्धीच नाही. अरे, बुद्धी होती. बसायला वेळ दिला नव्हता! म्हणून मी म्हणतो, जातिव्यवस्थेनं पाणी चोरलं, जमीन चोरली, तशी आपली संध्याकाळही चोरली होती.

आणि तेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकायला लागले होते. घटना लिहिलेला हात तारेवर सूर शोधत होता. ते व्हायोलिन आपल्या भाषणांत कधी येत नाही. ते आलं पाहिजे.

६

एक गोष्ट टाळून हा लेख संपवता येत नाही. मी इतका वेळ 'माणूस सुटला, माणूस बसला' म्हणतोय. बाई कधी सुटली?

१८९१ च्या कायद्यानं बायांच्या गिरणीकामाला अकरा तासांची मर्यादा घातली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्या विधेयकाच्या बाजूनं बाबासाहेब कौन्सिलात बोलले होते. पण घरातल्या कामाचा कायदा कुणी केला? नळाचं पाणी पहाटे यायचं ते तिनंच भरायचं. गिरणीतून येऊन चूल तिनंच पेटवायची. ज्या गॅलरीत पुरुष 'जनता' ऐकत बसले तिथं मागं भांड्यांचा आवाज येत होता, तो तिचा. जलशाच्या तालमीला चहा गेला तो कुणी केला?

तरीही त्या आल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली तेव्हा हजारोंनी आल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं, म्हाताऱ्या बायांकडं जाऊन, त्यांच्याकडून ऐकून. त्या पुस्तकाचं नावच आपल्याला उत्तर देतं. त्या इतिहास घडवत होत्या तेव्हा आपण त्यांना चहा टाकायला सांगत होतो. आजही आपल्या बैठका रात्री नऊला असतात आणि बाया आल्या नाहीत की आपण त्यांच्या जागृतीबद्दल बोलतो. नऊला तिच्या हातात काय असतं ते स्वयंपाकघरात जाऊन बघा.

७

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून विझल्या, जमिनीवर टॉवर अन् मॉल उभे राहिले. आम्ही तिथून लांब, दुसऱ्या गावातल्या सूतगिरणीत धागे जोडतोय. ३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातले दिवसाचे तास नऊवरून बारापर्यंत नेता येतील अशा दुरुस्तीला मान्यता दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास. कामगाराची लेखी संमती लागेल, असंही त्यात आहे. बदली कामगाराची संमती कशी घेतात ते ज्यानं गेटवर उभं राहून नंबर लागायची वाट बघितलीय त्यालाच विचारा.

बारावरून नऊला यायला पस्तीस वर्षं. नऊवरून परत बारापर्यंतची वाट मोकळी करायला एक बैठक.

ओव्हरटाइमचे पैसे मिळतील, असं आमच्यातलेच काही म्हणतात. मिळतील. पोराची फी भरायची असते, मला ते कळतं, मीही ओव्हरटाइम केलाय. पण बारा तासांनंतर माणूस पेपर उघडत नाही, पुस्तक उघडत नाही, पोराला जवळ घेत नाही, बायकोला "आज तू बस" म्हणत नाही. तो मोबाईल तोंडापुढं धरतो आणि झोपतो. अशा माणसापुढं कुणीही काहीही ओरडलं तरी त्याला ते खरं वाटतं, कारण तपासायला ताकद उरलेली नसते. त्याला गुलामीची जाणीव करून द्यायची म्हटली तरी जाणीव व्हायला तो जागा पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांनो, वस्तीत जाल तेव्हा माणसाला तासाभरानं भेटा. त्याला आधी हातपाय धुऊ द्या, चहा घेऊ द्या, पाय पसरू द्या. मग कागद काढा. चार पानं मोठ्यानं वाचा, कुणी "परत वाच" म्हणालं तर परत वाचा. आठवड्यातून दोन दिवस भांडी पुरुषांनी घासावीत आणि त्या वेळात वाचायला बाईनं बसावं. संघटनेच्या मागण्यांत पगाराच्या वर तासांची मागणी लिहा. १८८४ च्या अर्जात ती वर होती.

आणि स्वतःलाही विसावा द्या. रोज रात्री बारापर्यंत धावणारा कार्यकर्ता तीन वर्षांत जळून जातो, मग नोकरीत नाहीतर दारूत शिरतो. अशी किती चांगली पोरं आपण गमावली, आठवा. ही लढाई आपल्या नातवंडांपर्यंत जाणार आहे. तिला ताजी माणसं लागतील.

साडेपाच हजार लोकांनी सह्या करून मागितलेला हा तास आपल्याकडं ठेवीसारखा आहे. तो मालकाला विकायचा नाही, गुत्त्याला द्यायचा नाही, आणि बाईकडून हिसकावून आपल्या एकट्याच्या खिशात घालायचा नाही. पुढच्याच्या हातात तो आहे तेवढा तरी द्यायचा. जमलं तर अर्धा तास वाढवून.

जय भीम.